वाचक विचारतात : ग्लायडर स्पर्धेत सर्वांना एकच ग्लायडर का नसावे?

प्रश्न : शिडाच्या लेझर नौकांच्या शर्यतीत सर्वांच्या नौका एकसारख्या असतात. ग्लायडरच्या, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानांच्या, स्पर्धेतही सर्वांना एकच प्रमाणित ग्लायडर देऊन फक्त वैमानिकाचे कौशल्य का पाहू नये? आणि तसे ठरलेच, तर निवड कशी करावी?
– एक वाचक, मुलुंड, मुंबई

उत्तर : आपण सुचवलेला प्रयोग दोनदा झाला आहे. १९४० च्या ऑलिंपिकसाठी एकच ग्लायडर ठरवायचे म्हणून १९३९ मध्ये इटलीतील सेझे येथे निरनिराळ्या देशांची ग्लायडर उडवून पाहण्यात आली आणि हान्स याकोब्स यांच्या, १५ मीटर पंखविस्ताराच्या 'माइझे'ची निवड झाली. महायुद्धामुळे ते ऑलिंपिक झालेच नाही, परंतु त्याच आराखड्यावरून पुढे ब्रिटन व फ्रान्समध्येही ग्लायडर बांधली गेली, तेव्हा निवड योग्यच म्हणावी लागेल.

दुसरा प्रयोग 'वर्ल्ड क्लास' या एकाच ग्लायडरच्या स्पर्धागटाचा. त्यासाठी वॉर्सा येथील तंत्रज्ञान विद्यापीठात तयार झालेले, १३.४४ मीटर पंखविस्ताराचे पीडब्ल्यू-५ निवडले गेले आणि १९९७ मध्ये तुर्कस्तानातील इनोनू येथे त्याची जागतिक स्पर्धाही झाली. ग्लायडर हलके, स्वस्त आणि नवख्याच्या हातीही देता येईल असे होते. तरीही ते फारसे रुजले नाही, कारण एलएस-४ सारखे वापरलेले पण सरस ग्लायडर बाजारात मिळत होते. एक किलोमीटर उंचीवरून शांत हवेत पीडब्ल्यू-५ सुमारे ३२ किलोमीटर जाते, एलएस-४ सुमारे ४०. खरी तफावत मात्र वेग वाढवल्यावर दिसते. स्पर्धेत थर्मलमध्ये, म्हणजे तापून वर चढणाऱ्या हवेच्या प्रवाहात, घिरट्या घालून उंची मिळवायची आणि पुढच्या थर्मलकडे वेगाने सुटायचे असते; देवनारच्या कचराभूमीवर भर दुपारी घारी निम्मे काम तरी हेच करतात. या धावेत हलके ग्लायडर भराभर उंची गमावते, तर पंखांत पाणी भरलेले जड ग्लायडर तेवढीच उंची खर्चून अधिक वेगाने जाते आणि उतरण्यापूर्वी ते पाणी सोडून देते.

म्हणून आराखडा नव्हे, मर्यादा ठरवाव्यात, असे माझे मत आहे. १९५८ मध्ये पोलंडमधील लेश्नो येथील जागतिक स्पर्धेत अवतरलेला 'स्टँडर्ड क्लास' याच तत्त्वावर चालतो : पंखविस्तार १५ मीटरपर्यंत, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) नाहीत, बाकी रचनाकाराला मोकळीक. यात जुनी ग्लायडर मागे पडतात हे खरे. त्यांच्यासाठी गुणांत सवलत देणारा 'क्लब क्लास' आहे.

तरीही एकच निवडायचे झाल्यास माहितीपत्रकातील सर्वोत्तम ग्लाइड रेशोवर, म्हणजे उंचीच्या किती पट अंतर जाते या आकड्यावर, भुलू नये. ताशी १५० किलोमीटर वेगाला ते दर सेकंदाला किती खाली येते, हे विचारावे. लहान शेतात उतरण्याजोगे एअरब्रेक (पंखांतून वर येऊन ग्लायडर झपाट्याने खाली आणणाऱ्या पट्ट्या) आहेत का, ते पाहावे. आणि पंख बसवताना नियंत्रणाचे दुवे आपोआप जुळतात की हाताने जोडावे लागतात, हे स्वतः करून पाहावे, कारण हाताने जोडायचा एखादा दुवा घाईत राहून गेला तर ते कधीकधी हवेत गेल्यावरच कळते.