लष्कर, लास्कर आणि सारंग

सोलापूरच्या लष्कर भागातल्या एका वाचकाने विचारलं आहे : 'शेजारचे आजोबा मुंबईहून मोंबासा-डर्बनला जाणाऱ्या "करंजा" या उतारूंच्या बोटीवर होते. इंग्रजी पुस्तकांत अशा माणसांना लास्कर म्हणतात. हा शब्द आमच्या लष्करचाच का? मग आजोबा शिपाई की खलाशी?'

आजोबा खलाशीच. पण शब्द मात्र तुमच्या लष्करचाच आहे.

फारसीत लश्कर म्हणजे फौज, तसंच फौजेचा तळही. मराठीने श चा ष केला आणि दोन्ही अर्थ ठेवले. तळाजवळ वसलेली वस्ती ती लष्कर, म्हणून सोलापुरातही लष्कर आणि पुण्याच्या कॅम्पलाही जुनी माणसं लष्करच म्हणतात. फौजेतला माणूस तो लश्करी. पोर्तुगिजांनी हा शब्द उचलून इथल्या शिपायांना लावला. इंग्रजांकडे गेल्यावर तो घसरत गेला : तोफखान्यातला हरकाम्या लास्कर, तंबू ठोकणारा लास्कर आणि शेवटी बोटीवरचा हिंदी खलाशी लास्कर. तिथे तो असा रुतला की नोकरीच्या करारालाच 'लास्कर करार' म्हणू लागले. त्या करारावरच्या माणसाला त्याच बोटीवरच्या गोऱ्या खलाशापेक्षा पगार फार कमी मिळे. म्हणून हा शब्द मला बोचतो.

बोटीवरची माणसं एकमेकांना लास्कर म्हणत नसत. माझे चुलत आजोबा इंजिनात तेलवाले होते. म्हातारपणी ते सोलापुरात पुतण्याकडे येऊन राहिले. त्यांच्या तोंडी माणसाचं नाव क्वचित, हुद्दाच जास्त. डेकवर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, सामानाची कोठी सांभाळणारा कसब, सुकाणू धरणारा सुकाणी, रांधणारा भंडारी, झाडलोट करणारा टोपास. खाली आगवाला आणि कोळसेवाला. यातला सारंग हाही मुळात फौजेतलाच : फारसी सरहंग, म्हणजे तुकडीचा नायक. शिवाजी महाराजांच्या आरमारातला दर्यासारंग आपल्याला शाळेपासून माहीत असतो. रागातला किंवा हरणाच्या अर्थाचा सारंग संस्कृतातला, त्याचा याच्याशी संबंध नाही.

आजोबांचे आणखी दोन शब्द मला फार आवडतात. दोर ओढून वर घ्यायचं तेव्हा 'हबेस', खाली सोडायचं तेव्हा 'आरिया'. आरिया पोर्तुगीज आरियार वरून आला, अर्थ तोच, खाली सोडणं. घरी माळ्यावरून पेटी उतरवतानाही ते 'आरिया, आरिया' म्हणत, आणि आम्ही मुलं पेटी अलगद खाली घेत असू.

सोलापूर समुद्रापासून लांब असलं तरी या विषयात परकं नाही. १९१९ साली ५ एप्रिलला 'लॉयल्टी' ही उतारूंची बोट मुंबईहून इंग्लंडला निघाली, ती सिंधिया या हिंदी मालकीच्या जहाज कंपनीची. त्या कंपनीचे एक संस्थापक वालचंद हिराचंद सोलापुरात जन्मले. त्या फेरीची आठवण म्हणून ५ एप्रिल आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

आता वापराचं. इंग्रजी कागद किंवा करार उद्धृत करायचा असेल तर लास्कर तसाच ठेवा, नाहीतर काळाचा संदर्भ हरवेल. स्वतःच्या वाक्यात खलाशी लिहा, आणि हुद्दा कळला तर हुद्दाच लिहा. शेजारच्या आजोबांना विचारा, 'डेकवर होतात की इंजिनात?' ते जो शब्द सांगतील तोच घ्या, उच्चारासकट.