फायबरच्या होडीला फोड आलेत, वरून कलर मारू का?

प्रश्न: आमची २२ फुटी फायबरची होडी आहे, नऊ वर्षं झाली. मासेमारीची पावसाळी बंदी लागली म्हणून वर ओढली, तळ खरवडला तर खाली मसुराएवढे, कुठे वाटाण्याएवढे फोड. एक स्क्रूड्रायव्हरने फोडला तर पिचकारीच उडाली आणि पाण्याला आंबट वास. काका म्हणतात काही होत नाही, लांबी (पुट्टी) भर, दोन हात कलर मार आणि नारळी पौर्णिमेला पाण्यात घाल. मारू का? (एक वाचक, देवगड)

उत्तर: नका मारू. जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा थर, वरून कितीही चकचकीत दिसला तरी त्यातून थोडं थोडं पाणी आत जातंच, तिथे फायबर बांधून ठेवणाऱ्या पॉलिएस्टर रेझिनमधली केमिकल्स त्यात विरघळतात आणि मग ते आंबट पाणी बाहेरचं पाणी ओढायला लागतं, कैरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं ना, तोच प्रकार. वरून कलर मारला तर ते आतच कोंडून राहणार आणि फोड परत येणार. आणि गाडीच्या पत्र्याला भरतात ती लांबी तर अजिबात नको, ती पाणी पिते.

आता खरी अडचण वेगळीच आहे. होडी वर असते पावसाळ्यात आणि हे काम मागतं कोरडी हवा. फोड ग्राइंडरने उघडून (मास्क लावा, आणि जुना अँटीफाउलिंग कलर (तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून मारतात तो) असेल तर तो ओलाच घासा, त्यात तांबं असतं, धूळ विषारी) गोड्या पाण्याने परत परत धुवायचे, इथपर्यंत पाऊस मदतच करतो. पण पुढे तळ सुकायला कित्येक आठवडे लागतात. बंद शेड, बल्ब, पंखा असेल तरच आत्ता हात घाला. नसेल तर बाकीचे फोड उघडूच नका, उघडलेला एक धुऊन, सुकवून इपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायचं रेझिन) बुजवा आणि सीझन मारा, एवढ्याशा फोडांनी होडी बुडत नाही. दिवाळीनंतर निवांत काढा.

सुकलं की नाही ते असं बघा: जाड प्लास्टिकचा फूटभर लांब-रुंद तुकडा तळाला चारी बाजूंनी टेपने चिकटवा, दुसऱ्या दिवशी आतून दव दिसलं तर अजून थांबा. कोरडं निघालं की खड्डे इपॉक्सी पुट्टीने भरा, घासा, वर इपॉक्सी प्रायमरचे हात डब्यावर लिहिलेत तेवढे द्या. शेवटचा हात बोटाला चिकट लागतो पण बोटावर येत नाही, अशा वेळी अँटीफाउलिंगचा पहिला हात मारा, मस्त धरतो. पूर्ण कडक झाल्यावर मारलात तर आधी घासावं लागेल. इंजिनच्या अॅल्युमिनियमच्या पायाला मात्र तांब्याचा कलर लावू नका, खातो तो.

आणि हो, काका लाकडी होडीला लावतात ते डिंबेल (काजूच्या टरफलाचं तेल) याला लावू देऊ नका, नंतर त्यावर कुठलाच कलर धरणार नाही.