प्लास्टिकच्या मोटारीवरचे ‘क्रोम’ का जाते?

प्रश्न : माझ्या वडिलांनी १९८०च्या दशकात किट आणून जुळवलेली, १/२४ प्रमाणातली एका अमेरिकन मोटारीची प्रतिकृती आमच्या लष्कर भागातल्या घरी काचेच्या कपाटात आहे. अंगाचा रंग अजून टवटवीत आहे. पण पुढच्या जाळीवर काळे ठिपके पडले आहेत, बंपरच्या कडांची चमक जाऊन तेथे पिवळट प्लास्टिक दिसते, आणि चाकांच्या रिमवर टायर टेकतो तेथले क्रोम तर चिकट होऊन निघून आले आहे. कपाटात आम्ही डांबराच्या गोळ्या ठेवतो आणि मोटारीला कित्येक वर्षांत कोणी हात लावलेला नाही. मग हे असे का झाले? पॉलिश केल्यास चमक परत येईल का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई झाली तर नुकसान भरून येत नाही. पॉलिश करू नका; नुसत्या कोरड्या कापडाने घासूसुद्धा नका. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या एका मोटारीची मंद झालेली जाळी मी पितळेच्या पॉलिशचा बोळा घेऊन उजळायला गेलो, आणि तिसऱ्या फेरीला बोळा करडा झाला व जाळीच्या उभ्या पट्ट्यांवर उघडे प्लास्टिक दिसू लागले. ते दृश्य मी अजून विसरलेलो नाही.

असे होते याचे कारण म्हणजे, ज्याला आपण सगळेच क्रोम म्हणतो त्यात क्रोमियम नसतेच. खऱ्या मोटारीच्या लोखंडी बंपरवर निकेलचा थर आणि त्यावर क्रोमियमचा थर विजेच्या साहाय्याने चढवलेला असतो. प्रतिकृतीच्या किटमधले भाग पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे असतात आणि त्यांच्यावरची चमक ॲल्युमिनियमची असते. कारखान्यात हे भाग स्प्रूसकट, म्हणजे ज्या सांगाड्याला ते साच्यातून जोडलेले येतात त्या सांगाड्यासकट, आधी पारदर्शक लॅकरमध्ये, म्हणजे वार्निशसारख्या लेपात, न्हाऊन निघतात. प्लास्टिकचा बारीक खडबडीतपणा त्या लॅकरखाली झाकला जातो. मग ते एका बंद पेटीत फिरत्या चौकटीवर टांगून पेटीतली हवा काढून घेतात. आत टंगस्टनच्या तारेवर ॲल्युमिनियमचे तुकडे अडकवलेले असतात. तारेतून वीज सोडली की ते वितळतात, त्यांची वाफ होते आणि ती वाफ समोरच्या थंड भागांवर जाऊन बसते. शेवटी वरून लॅकरचा आणखी एक हात दिला जातो. बिस्किटांच्या आणि वेफर्सच्या पुड्यांचे आतले चंदेरी अंग याच पद्धतीने तयार होते.

या थराची जाडी साधारणपणे एका मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याच्या आत असते. पोळ्या गुंडाळायची फॉइल त्याच्या शंभर पट तरी जाड भरेल. दिवाळीच्या बर्फीवरचा वर्ख बोटाला लागताच कसा विरून जातो हे आपण पाहतो. ही चमक त्या वर्खाच्याच जातकुळीतली आहे, फक्त दोन लॅकरांच्या मध्ये जपून ठेवलेली. आपल्या गावच्या जयविलास राजवाड्यात मेजवानीच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी आपण पाहिली असेलच. ती काळी पडली तर पुसून उजळवता येते, कारण काळा पडतो तो फक्त पृष्ठभाग आणि खाली पुरेशी चांदी शिल्लक असते. आपल्या मोटारीवर पृष्ठभागाच्या खाली धातू असा नाहीच. जो आहे तो सगळा पृष्ठभागच.

आता तो जातो कसा, ते पाहू. ॲल्युमिनियम उघड्या हवेत आले की त्याच्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा लगेच धरतो आणि तोच त्याचे पुढे रक्षण करतो, त्यामुळे नुसती कोरडी हवा ही येथे गुन्हेगार नव्हे. पापुद्रा फोडायला ओलावा लागतो, आणि ओलाव्यासोबत मीठ किंवा खार असला की काम झपाट्याने होते. धातूचे रूपांतर मग ऑक्साइड-हायड्रॉक्साइडमध्ये होते, आणि इतक्या पातळ थरात ते जवळजवळ पारदर्शक असते. लोखंडासारखा तांबडा गंज येथे दिसत नाही. चमक नुसती नाहीशी होते. आपल्या बंपरच्या कडांना क्रोम ‘पिवळे पडले’ असे वाटते, तेथे प्रत्यक्षात धातू उरलेला नाही आणि काळाने पिवळे झालेले खालचे लॅकर आपल्याला दिसते आहे.

कडांनाच ते आधी का जाते, याला दोन कारणे आहेत. लॅकर ओले असताना धारदार कडेवरून मागे सरते, त्यामुळे तेथे ते सर्वांत पातळ बसते. दुसरे असे की, जुळवताना भाग स्प्रूपासून कापला की त्या जागी दोन्ही लॅकर आणि मधला धातू यांची चीर उघडी पडते. एखादे चांगले भिंग घेऊन बंपरच्या मागच्या बाजूला कापाची खूण शोधा. तिच्याभोवती अर्धचंद्रासारखा मंद डाग पसरत गेलेला दिसण्याचा बराच संभव आहे. ओलावा त्या चिरेतून शिरतो आणि थराच्या पातळीतच आडवा सरकतो. जाळीवरचे काळे ठिपके हाच प्रकार, फक्त वाट वेगळी. वरच्या लॅकरमध्ये सुईच्या टोकाहून बारीक छिद्रे असतात, आणि किट जुळवताना बोटांचा घाम लागलेला असला तर त्यातले मीठ तेथेच बसून राहते. कित्येक वर्षांत हात लागलेला नाही हे खरे. पण मीठ उडून जात नाही, आणि प्रत्येक पावसाळ्यात ते ओलावा ओढून घेते.

ग्वाल्हेरच्या हवेचाही यात मोठा वाटा आहे. येथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि थंडीत पहाटे ५ अंशांच्या आसपास उतरतो, म्हणजे वर्षात ४० अंशांचा फरक. पॉलिस्टायरीन दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे ७० दशलक्षांश इतके वाढते आणि ॲल्युमिनियम सुमारे २३ दशलक्षांश. याचा अर्थ असा की, १० सेंटिमीटर लांबीची पट्टी प्लास्टिक म्हणून पाव मिलिमीटरहून थोडी अधिक वाढू पाहते आणि तिच्यावरच्या धातूला जेमतेम एक दशांश मिलिमीटर वाढायचे असते. लॅकर नवे आणि लवचिक असते तोवर ही ओढाताण ते सोसते. वयाने ठिसूळ झाले की त्याला केसाएवढ्या भेगा पडतात आणि ओलाव्याला आणखी दारे मिळतात. त्यात आपण मे महिन्यात कूलर लावतो. बाहेर कोरडी लू वाहत असते, पण कूलरच्या खोलीतली हवा पावसाळ्याइतकी दमट होते आणि शिवाय गरम असते. एकाच वर्षात असे दोन पावसाळे त्या बिचाऱ्या थराला काढावे लागतात. कपाट कूलरच्या झोतासमोर असेल तर ते आजच दुसऱ्या भिंतीला हलवा.

चाकांच्या रिमचा प्रश्न मात्र अगदी वेगळा आहे आणि तेथे ओलाव्याला दोष देता येत नाही. जुन्या किटांमधले मऊ टायर बहुधा पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक असते; त्याला रबरासारखे मऊ करण्यासाठी थॅलेट वर्गातली तेलकट द्रव्ये मिसळतात. ही द्रव्ये पीव्हीसीशी कायमची बांधलेली नसतात. ती हळूहळू बाहेर पाझरतात आणि टायरला जे चिकटून असेल त्यात शिरतात. पॉलिस्टायरीन आणि त्यावरचे लॅकर या दोघांनाही ती मऊ करतात, म्हणून रिम चिकट झाली आहे. टायर तसेच राहिले तर पुढे रिमवर टायरच्या आकाराची खोबण पडेल. टायर हलक्या हाताने, न ओढता काढता आले तर काढा आणि रिमभोवती नळाच्या जोडाला गुंडाळतात त्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपचे दोन वेढे देऊन मगच परत बसवा. टेप बाहेरून दिसत नाही आणि टायरमधले द्रव्य तिच्यातून पलीकडे जात नाही. मोटार ज्या फळीवर उभी आहे ती रंगवलेली असेल तर टायरखाली काचेची पट्टीही ठेवावी.

डांबराच्या गोळ्या काढून टाका. त्यांतल्या नॅफ्थलिनची वाफ पॉलिस्टायरीनमध्ये मुरून त्याला मऊ करते, आणि बंद कपाटात तिला जायला दुसरी जागाही नसते. त्याऐवजी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा व दर पावसाळ्यात त्या बदला किंवा तापवून कोरड्या करा. कपाट नवे प्लायवूडचे करून घेणार असाल, तर ते महिना-दोन महिने दारे उघडी ठेवून चांगले वारू द्या आणि मगच त्यात मोटारी मांडा; नव्या प्लायवूडमधून सुटणारी आम्ल वाफ अशा नाजूक धातूला बरी नव्हे. ऊन थेट पडू देऊ नये, कारण लॅकर पिवळे पाडण्याचे काम त्यातले अतिनील किरण करतात.

एवढी काळजी घेतली तर आहे ते क्रोम पुष्कळ टिकेल, गेलेले मात्र येणार नाही. माझे मत विचाराल तर, वडिलांच्या हातची ही मोटार आहे तशीच राहू द्यावी. नवी चमक बाजारातून आणता येते, पण त्यांनी कापलेला आणि त्यांनी चिकटवलेला बंपर एकदा उखडला की तो त्यांचा राहत नाही.

प्रश्न : मुलाच्या मोटारीवर धूळ बसली म्हणून मी तिचे बंपर काच पुसायच्या निळ्या द्रवाने पुसले व उरलेले सुटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात घातले. अर्ध्या तासाने पाहते तो सुट्या भागांवरची चमक जवळजवळ सगळी गेली होती. माल खोटा होता का?
— एक वाचक, मुरार, ग्वाल्हेर

उत्तर : माल खोटा नव्हता. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा घालून काही उकळले तर पातेले काळे पडते हे आपल्याला स्वयंपाकघरात माहीत असतेच, आणि चिंच-ताकासारखे आंबट पदार्थ त्यात ठेवू नयेत असेही आपण ऐकत आलो आहोत. हा धातू आम्लालाही विरघळतो आणि अल्कलीलाही, अल्कलीला तर फार लवकर. पातेल्याच्या जाडीत ते नुसते काळे पडण्यावर भागते. येथे मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याचाच प्रश्न असल्यामुळे सगळा थर विरघळून गेला. काच पुसायच्या द्रवात पुष्कळदा अमोनिया असतो आणि तोही अल्कलीच. बंपर आत्ता चांगले दिसत असले तरी ते साध्या, शक्य तर आरओच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ ब्रशने दोनदा धुऊन सावलीत वाळवा. येथून पुढे धूळ काढायला रंगकामाचा मऊ ब्रश आणि वर्षातून एखाद्या वेळी नुसते पाणी, एवढेच वापरावे.

प्रश्न : मोटारसायकलचे भाग क्रोम करून देणाऱ्या कारखान्यात प्रतिकृतीचे भाग दिले तर चालतील का? नसल्यास घरी काय करता येईल?
— एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : चालणार नाहीत. खऱ्या गाड्यांच्या प्लास्टिकच्या जाळ्यांवर खरे क्रोम असते, पण त्या एबीएस नावाच्या वेगळ्या प्लास्टिकच्या असतात. एबीएसमध्ये रबराचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. तीव्र आम्लात बुडवल्यावर ते विरघळून पृष्ठभागावर असंख्य खड्डे पडतात आणि त्यांत तांबे-निकेलची मुळे घट्ट धरतात. साध्या पॉलिस्टायरीनला अशी पकड नाही. शिवाय तो थर चांगला जाड असतो. १/२४ च्या जाळीतल्या फटी त्याने बुजून जातील.

दुर्बिणींच्या मोठ्या आरशांवरही असाच वाफेने बसवलेला ॲल्युमिनियमचा थर असतो. जॉन स्ट्राँग यांनी १९३५ साली माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची आरशावर तो चढवला. असा थर निस्तेज झाला की खगोलशास्त्रज्ञ त्याला घासत बसत नाहीत. रसायनाने तो पूर्ण विरघळवून नवा चढवतात. आपणही तोच मार्ग धरावा. प्लास्टिकच्या डब्यांत पाण्याने पातळ केलेल्या कपड्यांच्या ब्लीचमध्ये भाग ठेवले की धातू निघून जातो. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे व चष्मा घाला, डब्याचे झाकण लावू नका, आणि ब्लीचजवळ संडास धुण्याचे ॲसिड कोणत्याही कारणाने आणू नका. त्या दोघांच्या संयोगाने क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. धातू गेल्यावरही खालचे लॅकर शिल्लक असते. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बहुधा सुटते, पण आधी स्प्रूच्या तुकड्यावर करून पाहा.

त्यानंतर वाटा तीन आहेत. लांब, सपाट पट्ट्यांसाठी प्रतिकृतीवाले वापरतात ती चिकट बेअर-मेटल फॉइल सर्वांत उत्तम. कापूस गुंडाळलेल्या काडीने दाबत नेली आणि नव्या ब्लेडने कडा कापली की तिच्याइतके खरे दुसरे काही दिसत नाही. जाळी आणि चाके यांना ॲल्क्लॅडसारखा फवाऱ्याचा रंग बरा, मात्र त्याखाली चकचकीत काळा रंग आरशासारखा गुळगुळीत बसून पूर्ण वाळलेला हवा, कारण वरच्या चमकेची सगळी मदार त्या काळ्यावर असते. क्रोमच्या शाईचे मार्कर आरसे व दारांच्या मुठी यांच्यापुरते वापरावेत. ती शाई दिवसेंदिवस हात लावू देत नाही, आणि वरून लॅकर दिले तर तिची चमक उतरते. कोणताही मार्ग घेतला तरी चिकटवायच्या जागेवरचा चंदेरी थर आधी ब्लेडने खरवडून काढावा, कारण डिंक धातूला धरतो, प्लास्टिकला पोचत नाही, आणि पुढे जोड उखडतो तेव्हा चमक सोबत घेऊन येतो. सुपरग्लू तर या भागांजवळ वापरूच नये. त्याची वाफ शेजारच्या नव्या क्रोमवर पांढरी साय धरते.