दिसतंय तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

परवा ओट्यावर तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी मुद्दामच दिलं नाही. तुझा दादा शेजारी बसला होता, आणि वयात आलेल्या पोराची उस्तादी चार माणसांत काढू नये. पण घरी आल्यावर राहवेना, म्हणून लिहायला बसलो. अक्षर लागलं नाही तर आईकडून वाचून घे.

तू म्हणालीस, "काका, क्लासचे सर म्हणतात ब्रेकचं मी बघतो, तू फक्त स्टेअरिंग धर. दादा म्हणतो ब्रेक कामून दाबायलीस, हाण की. पप्पा म्हणतात टेस्टचं टेन्शन घेऊ नको, एजंट बघून घेईल. मग मी शिकायलेय तरी काय?"

अख्खी हयात एसटीच्या स्टेअरिंगवर गेली, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तो तुला पडला म्हणजे निम्मं काम झालं, असं लिहिणार होतो. नाही लिहीत. प्रश्न पडल्यानं गाडी थांबत नसते.

क्लासच्या गाडीला सरांच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतो. असायलाच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण म्हैस आडवी आली, रिक्षा मधेच वळली, की तुझा पाय हलायच्या आत सरांचा पाय गेलेला असतो. गाडी उभी राहते आणि तुला वाटतं आपणच उभी केली. इतक्या दिवसांत तू गाडी वळवायला शिकलीस, गिअर टाकायला शिकलीस. थांबवली मात्र दर वेळी सरांनी. एका फेरीला चार लेकरं, एकेकाच्या वाट्याला पाव तास, त्यात तो माणूस आणखी काय काय शिकवणार?

म्हणून मी एकच सांगतो, आणि तू कंटाळलीस तरी तेच सांगणार आहे. डोळ्याला जेवढा मोकळा रस्ता दिसतोय, तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. क्लच, रिव्हर्स, ट्रॅकवरचा आठचा आकडा हे सवयीनं हाताला येतं, आज नाही तर महिन्यानं. हे एक सवयीनं येत नाही. उलट गाडी जशी हातात बसत जाते तसं हे अंगातून निघून जातं. म्हणून नवी असतानाच घोटून घे.

कसं घोटायचं ते ऐक. आठवडी बाजाराचं मैदान एरवी रिकामं असतं. तिथं एका जागी खताचं रिकामं पोतं टाकायचं. २० च्या स्पीडनं यायचं, पुढचं चाक पोत्यावर आलं की ब्रेक. खाली उतरायचं आणि पोत्यापासून चाकापर्यंत पावलं मोजायची. मग ४० नं यायचं. तुला वाटेल, स्पीड दुप्पट तर पावलंही दुप्पट. तसं होत नाही. पावलं चौपटीच्या आसपास जातात. हे मी सांगून डोक्यात बसणार नाही, तुझ्याच पायानं मोजलंस की बसेल.

आणि तिथं तर पोतं कुठं आहे हे तुला आधीच माहीत असतं. रस्त्यावर डोळ्याला दिसायचं, डोक्यात शिरायचं, मग पाय उचलून ब्रेकवर जायचा, यातच सेकंद-दीड सेकंद जातो. ६० च्या स्पीडला एका सेकंदात गाडी १७ मीटर पुढं जाते, आणि तोवर ब्रेकला पायसुद्धा लागलेला नसतो. पुढं कोरडा डांबरी आणि चांगले टायर धरले तरी थांबायला आणखी २० मीटर. म्हणजे सगळे मिळून ४० च्या घरात. ८० ला हाच हिशेब ६० मीटरवर जातो. ओल्या रस्त्याचा आणि घासलेल्या टायरचा हिशेब मांडूच नको.

आता रात्रीचं बघ. डिप्परवर, म्हणजे दिवा खाली पाडून, उजेड नीट पडतो तो जेमतेम ४० मीटर. मग डिप्परवर ८० नं चाललेला माणूस शेवटचे वीस मीटर कुणाच्या भरवशावर चालतोय? तुझा दादा म्हणेल, "काका, रोजचा रस्ता आहे, पाठ आहे." रस्ता पाठ असतो, रस्त्यावरचं पाठ नसतं. टेम्पो बंद पडला की मागं झाडाची फांदी आणि दोन दगड ठेवतात. टेम्पो दुरुस्त होऊन निघून जातो, दगड तिथंच राहतात. गतिरोधकावरचा पांढरा पट्टा एका पावसाळ्यात पुसला जातो, गतिरोधक राहतो.

आणि आपल्याकडं दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत रस्ता उसाचा असतो, हे तुला मी काय सांगू. एका हेडला, म्हणजे ट्रॅक्टरला, दोन ट्रॉल्या, ऊस मागं हातभर बाहेर आलेला. त्याच्याखाली लाल दिवा असला तरी तो झाकलेला, आणि रेडियम असलं तर त्यावर चिखल. गंमत अशी की ट्रॉली डोळ्याला दिसत नाही पण कानाला ऐकू येते, कारण ट्रॅक्टरवाल्याचं गाणं शिवारभर वाजत असतं. पण तू काचा लावून, एसी सोडून, आपलंच गाणं लावून बसलीस तर तेही गेलं. रात्री ड्रायव्हरच्या बाजूची काच चार बोटं खाली ठेव. थंडी वाजली तर स्वेटर घाल.

समोरच्यानं अप्पर, म्हणजे लांबचा दिवा, मारला आणि डोळ्यासमोर पांढरं झालं, तर त्याला अप्परनं उत्तर देऊ नको. दोघंही आंधळे होऊन काय मिळणार? ॲक्सिलरेटरवरचा पाय काढ आणि नजर डाव्या हाताच्या पांढऱ्या पट्टीवर ने. दिसणं संपलं की स्पीडही संपला पाहिजे. पुन्हा तेच सांगतोय, माहितेय मला.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगतो. पहिल्या पावसानंतर वावरातून निघालेला ट्रॅक्टर टायरला लागलेली काळी माती डांबरीवर सांडत जातो. त्यावर पाऊस पडला की रस्ता साबणासारखा होतो. आणि अरुंद रस्त्याला समोरून गाडी आली की आपलं डावं चाक साइडपट्टीवर उतरवावं लागतं. उतरायच्या आधी स्पीड कमी कर, उतरल्यावर करकचून ब्रेक दाबू नको. आणि पट्टी वीतभर खचलेली असेल तर स्टेअरिंगला झटका देऊन वर चढायला जाऊ नको. हळू होऊ दे, मग चढ. नवशिकी लेकरं उतरताना नाही, अशी चढताना पलटी खातात.

आता तुझ्या दादाचं. तो म्हणाला, मी चौदाव्या वर्षी ट्रॅक्टर पळवलाय, मला काय झालं? त्याला एक विचार. ट्रॅक्टरला उजवा आणि डावा असे दोन ब्रेक वेगळे असतात, वावरात जागच्या जागी वळवता यावं म्हणून. डांबरीवर यायच्या आधी ते दोन्ही पेडल जोडणारी कडी लावायची असते. नाही लावली आणि घाईत पाय एकाच पेडलवर पडला, तर ट्रॅक्टर एका बाजूला गर्रकन फिरतो आणि ट्रॉली त्याच्या अंगावर येते. ती कडी कुठं असते, विचार त्याला. तुमच्या ट्रॅक्टरवर मी बघितलीय, गंजून एका जागी चिकटून बसलीय. काही झालं नाही म्हणजे येत होतं, असा त्याचा अर्थ होत नाही. आणि तू मुलगी म्हणून तुलाच अठराव्या वर्षापर्यंत थांबवलं, त्याला चौदाव्याला किल्ली दिली, याचा तुला राग आहे. तो राग रास्तच आहे. पण त्यावर उतारा हा, की त्यालाही थांबवायला पाहिजे होतं.

तुझे पप्पा मला मित्रासारखे आहेत, तरी लिहितो. अल्पवयीन लेकराच्या हातात गाडी दिली आणि त्यानं गुन्हा केला, तर २०१९ पासून कायद्यात पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे. वर गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या लेकराला पंचवीस वर्षांचं होईपर्यंत लायसन्स नाही. सोळाव्या वर्षी चालतं म्हणणारे लोक भेटतील तुला. ते ५० सीसीच्या आतल्या बिनगिअरच्या गाडीचं आहे, लुनाच्या जमान्यातलं. आजच्या स्कूटी त्यात बसत नाहीत.

तुला हे आता लागू नाही, तुझ्याकडं लर्निंग आहे. पण लर्निंग म्हणजे मोकळीक नव्हे. पुढं-मागं लाल अक्षरात एल लाव, आणि शेजारी लायसन्सवाला माणूस बसल्याशिवाय गल्लीतून सुद्धा काढू नको. पक्क्या लायसन्सला तीस दिवसांनंतर जाता येतं आणि लर्निंग सहा महिने चालतं. मग एवढी घाई कशाची? एल लावला की पोरं हसतात म्हणे. हसू दे. एल बघून मागचा चार हात लांब राहतो, एवढा फायदा फुकट मिळतोय तो घे. आणि टेस्ट तू स्वतः दे. एजंट कागद आणून देईल, पाय आणून देणार नाही.

समृद्धी महामार्गावर जायची तुला हौस आहे, तेही ऐकलं. लायसन्स हातात येऊन वर्ष होऊ दे. तिथं १२० ची मुभा आहे आणि रस्ता लांबवर दिसतो, तिथली गोष्ट वेगळी. पण तासभर तसं चालवून जालन्याला खाली उतरलं की ६० म्हणजे रांगतोय असं वाटतं. डोळे तिथले राहतात, रस्ता इथला असतो. उतरल्यावर स्पीडच्या काट्याकडं बघ, मनाला विचारू नको.

मला पॅसेंजर बैलगाडी म्हणायचे. मागून शिव्या यायच्या, कंडक्टर तोंड लपवायचा. उशिराबद्दल साहेबांचं ऐकून घेतलं ते वेगळंच. बरोबरीचे ड्रायव्हर माझ्या आधी पोचून चहा पिऊन बसलेले असायचे. ते सगळे वाईट चालवायचे असं मी म्हणत नाही. पण मला तसं जमलं नाही, आणि जमवून घ्यावं असंही कधी वाटलं नाही.

वडील गेले त्या रात्री मी लातुरात होतो. फोन आला की तब्येत हातची चाललीय, लवकर निघ. मित्राची जीप घेऊन निघालो. ऐन हंगामाचे दिवस, रेणापूर सोडलं की ट्रॉल्यांची रांग, आणि बर्दापूरच्या पुढं धुकं. मी चाळिशीच्या वर गेलो नाही. घरी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. अर्ध्या तासापूर्वी गेले म्हणाले. धाकटा भाऊ अजून दर वर्षश्राद्धाला ऐकवतो, "जरा हाणली असती तर तोंडात पाणी तरी घातलं असतं." तो हिशेब मी कितीदा मांडला असेल. साठेक किलोमीटर, ४० नं दीड तास, ६० नं एक तास. बरोबर अर्धा तास. भावाचं गणित चुकीचं नाही. पण त्या धुक्यात मला पंचवीस-तीस मीटर दिसत होतं, आणि तेवढ्यात थांबेल एवढीच मी गाडी पळवली. ती रात्र पुन्हा आली तरी मी तेवढीच पळवीन. ट्रॉलीखाली जाऊन एका घरातून दोन तिरड्या निघाल्या असत्या तर पाणी कुणी कुणाच्या तोंडात घातलं असतं? हे मी तुला सांगतोय का भावाला, कोण जाणे.

असो. चौकात गाडी बंद पडली, मागच्यानं हॉर्न वाजवला, मला लाज वाटली, असलं मला पुन्हा सांगू नको. बंद पडलेली गाडी कुणाला मारत नाही. न्यूट्रल कर, चालू कर, निघ. त्याचा हॉर्न त्याच्यापाशी. तुझी नजर पुढं पाहिजे, आरशात मागच्याचं तोंड बघायला आरसा लावलेला नाही.

बाजाराचा दिवस सोडून कुठल्याही सकाळी उजाडल्यावर ये, मैदानावर पोरं क्रिकेटला यायच्या आत. लर्निंगचा कागद, एलचे दोन स्टिकर, एक पोतं. चपला काढून बुटावर ये, चपलीची पट्टी पेडलमध्ये अडकते. शेजारी मी बसेन, माझं लायसन्स अजून चालू आहे. पण एक ध्यानात ठेव, माझ्या पायाखाली ब्रेक नसणार. आणि गाडी लायसन्सवाल्याला शेजारी बसवून, डिझेल टाकूनच आण, माझी पेन्शन तुला माहीत आहे.

तुझा,
काका