पसरणी घाट, मागून फेकणारी गाडी आणि 62 हजारांचं किट

वाईहून एका ताईंनी लिहिलंय. पाचगणीच्या एका निवासी शाळेत त्या शिकवतात. रोज पसरणी घाटाने जाणं-येणं, गाडीत शाळेतलेच आणखी तिघे. गाडी 2018 ची छोटी हॅचबॅक, 71 हजार किलोमीटर झालेली, कर्ज फिटलेलं. गेल्या पावसाळ्यापासून उतारावरच्या वळणांना गाडी ‘मागून फेकते’ असं त्या म्हणतात. एका गॅरेजने मागच्या सस्पेन्शनचं किट सुचवलंय: कडक स्प्रिंग, गॅसचे शॉकअप आणि जाड अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारा दांडा), मजुरीसह 62,000 रुपये. पतसंस्थेतली दीड लाखाची ठेव मोडू, की 15 टक्क्यांनी दोन वर्षांचं कर्ज घेऊ, असा त्यांचा प्रश्न आहे. नुकतीच 50,000 ची भिशी लागलीय, ते पैसेही हाताशी आहेत.

ताई, किट घेऊ नका. गाडीवर खर्च मात्र करा, आणि तो याच महिन्यात करा.

तुम्ही विचारलंय पैसे कुठून काढू, पण मला आधी पैसे कशावर घालायचे ते बोलायचंय. 71 हजार किलोमीटर घाटात चाललेली गाडी मागून फेकत असेल, तर पहिला संशय झिजलेल्या भागांवर घ्यायचा. तुमच्या पत्रात किटचं वर्णन अर्धं पान आहे, पण जुने शॉकअप कुणी तपासले का, याबद्दल एक ओळ नाही. हे घरीही बघता येतं. गाडी सपाट जागी उभी करा, डिकीच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी पूर्ण भार देऊन दाबा आणि सोडून द्या. शॉकअप धड असेल तर गाडी वर येते आणि जवळजवळ तिथेच थांबते. दोन-तीनदा वरखाली झुलली तर शॉकअप गेला असं समजा. मग खाली वाकून मागच्या चाकामागे बघा. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर आणखी पुरावा शोधायची गरज नाही.

टायरचा फोटो पाठवलात ते बरं झालं. नक्षी अजून आहे असं तुम्ही लिहिलंय आणि ते खरं आहे, झिजेच्या 1.6 मिलिमीटरच्या खुणेपर्यंत टायर आलेला नाही. पण बाजूला लंबगोलात 3418 आकडा आहे, तो मोठा करून बघा. म्हणजे टायर 2018 च्या 34 व्या आठवड्यात बनलाय. गाडीबरोबर आलेलाच आहे. इतक्या वर्षांत रबर कडक होतं, आणि कडक रबर कोरड्या रस्त्यावर निभावून नेतं, ओल्यावर दगा देतं. तुमचा त्रास पावसाळ्यात सुरू झाला, हे मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं.

एक गोष्ट फुकटची आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवेच्या दाबाचं स्टिकर असतं, त्यावर भरलेल्या गाडीचा आकडा बहुधा वेगळा दिलेला असतो. चार माणसं आणि वह्यांचे गठ्ठे घेऊन तुम्ही रोज उतरता. मागच्या टायरमध्ये रिकाम्या गाडीइतकीच हवा असेल, तर तेवढ्यानेही गाडी मागून हलते.

आता जाड बारबद्दल. छोट्या गाड्यांना मागे बहुतेक टॉर्शन बीम असतो, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारी, पीळ घेणारी एक आडवी तुळई. वळणावर गाडी कलंडू नये याचं बरंचसं काम ती आधीच करते. त्यात जाड बार घातला की मागची बाजू कलत कमी, हे खरं. पण मग वळणात बाहेरच्या मागच्या चाकावर भार आणखी वाढतो आणि मागची पकड पुढच्यापेक्षा आधी सुटू शकते. कंपन्या घरगुती गाडी मुद्दाम अशी बसवतात की घसरलीच तर पुढची चाकं आधी घसरावीत. कारण घाबरलेला माणूस ॲक्सिलरेटरवरून पाय उचलतो, भार पुढे येतो आणि पुढच्या चाकांना पकड परत मिळते. मागची चाकं आधी सुटणारी गाडी असेल तर तोच पाय उचलणं उलट अंगाशी येतं: मागचा भार हलका होतो आणि गाडी गर्रकन फिरते.

हे मी अनुभवावरून सांगतोय. दोन वर्षांपूर्वी टायर अजून एक पावसाळा जातील म्हणून मी ढकलले होते. यवतेश्वरच्या घाटात, ओल्या तांबड्या मातीवर, स्टेअरिंग वळवूनही गाडी सरळ कठड्याकडे निघाली. मी पाय उचलला आणि ती वळली. मागे माझी आई बसली होती. त्या आठवड्यात चारही टायर बदलले.

तुम्ही दुसऱ्या गॅरेजचं कोटेशनही जोडलंय, पण ‘हे फक्त रिपेअरिंगचं’ म्हणून बाजूला ठेवलंय. माझ्या मते करायचं काम तेच आहे. कंपनीच्या मापाचे मागचे दोन शॉकअप माउंटिंगसह 5,400, मागच्या ॲक्सलचे (म्हणजे त्याच तुळईचे) बुश, म्हणजे रबरी सांधे, मजुरीसह 3,200, चार टायर 20,800, अलाइनमेंट-बॅलन्सिंग 1,100. एकूण 30,500. किटच्या निम्म्याहून कमी. अलाइनमेंटवाल्याला मागच्या चाकांचे आकडेही छापून द्यायला सांगा. अशा ॲक्सलला मागे बहुधा काही फिरवून नीट करता येत नाही, पण ॲक्सल कधी खड्ड्यात वाकला असेल तर त्या कागदावर कळेल.

पैसे भिशीतून द्या. फक्त त्या 50,000 कडे नीट बघा. दहा जणांची, महिना 5,000 ची भिशी, तुमचा चौथा नंबर. म्हणजे 20,000 तुमचे, उरलेले 30,000 पुढच्या सहा महिन्यांत फेडायचेत. व्याज नाही, पण उसनेच. पगार हातात येतो 41,000, घरखर्च 33,000, राहिले 8,000. भिशीचे 5,000 गेले की 3,000. आता किटसाठीचं कर्ज मांडू: 60,000 धरले तरी 15 टक्क्यांनी 24 महिन्यांचा हप्ता 2,909 रुपये बसतो. महिन्याला हातात 91 रुपये राहतील. मुलीच्या शाळेची एक सहल आली तरी तुम्हाला कुणाकडे तरी मागावे लागतील. व्याजाचे 9,800 वेगळेच.

ठेवीला हात लावू नका. सहा महिन्यांचा घरखर्च म्हणजे जवळपास दोन लाख बाजूला असावेत, तुमच्याकडे दीडच आहेत. गाडीचं काम करून भिशीतले 19,500 उरतील ते बचत खात्यात टाका. सहा महिने महिन्याला 3,000 आणि भिशी संपल्यावर 8,000 टाकत गेलात, तर आठ महिन्यांत दोन लाख पुरे होतात. नोव्हेंबरमध्ये पतसंस्थेतली ठेव पिकली की निदान अर्धी रक्कम बँकेत हलवा. 5 लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण बँकांमधल्या ठेवींना असतं, सहकारी बँकाही त्यात येतात, पतसंस्था येत नाहीत. दरात अर्धा-एक टक्का कमी मिळेल, चालेल.

तुमच्या पॉलिसीवर गाडीची किंमत 2,40,000 लावलीय. किट बसवून ती वाढणार नाही आणि विकताना 62,000 कुणी मोजणार नाही. शिवाय विमा कंपनीला न कळवता बदल केला तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअरच्या हाती मुद्दा जातो. परवानगीत न बसणारा फेरफार केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कंपनीच्या मापाचे शॉकअप आणि टायर घालण्यात यातलं काहीच येत नाही.

किटसाठी 2,000 आगाऊ दिलेत, ते मागून घ्या. नाही मिळाले तर सोडून द्या.

काम झाल्यावर महिनाभर घाट करा, थोडे दिवस एकट्याने, थोडे दिवस चौघांनी. कोरड्या रस्त्यावर, बेताच्या वेगातही गाडी मागून फेकत राहिली, तर अलाइनमेंटचा तो छापील कागद मला पाठवा. आपण ॲक्सलच्या खर्चाचा हिशोब मांडू.