पशुवैद्यकाला विचारा : म्हाताऱ्या कुत्र्याचे शेवटचे दिवस

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर १३ वर्षांचा असून त्याची मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत. चार दिवस त्याने अन्नाला तोंड लावलेले नाही आणि तो अंगणात पाण्याच्या टाकीमागे पडून असतो. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन सोडवण्याचा पर्याय सुचवला आहे. सासूबाई म्हणतात, ते पाप नको, त्याच्या मरणाने जाऊ दे. मरण जवळ आल्याचे त्याला कळत असेल का? घरात एक गावठी कुत्रीही आहे, तिचे काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी टाकीमागच्या जागेविषयी. कुत्रा माणसासारखा मरणाचा विचार करत असेल असे मानायला आधार नाही. मात्र अंगातली ताकद गेली की आजारी जनावर वर्दळीपासून दूर, थंड आणि आडोशाची जागा शोधते. तो तुमच्यावर रुसलेला नाही. त्याला ओढून घरात आणू नका. तिथेच जाड गोधडी अंथरा आणि दर तीन-चार तासांनी त्याची कूस बदला, नाहीतर कोपरांवर आणि खुब्यांवर जखमा होतात.

अन्न नाकारणे हाही हट्ट नव्हे. रक्तात साचलेल्या युरियामुळे सतत मळमळते, तोंडात व्रण पडतात, म्हणून घास कोंबू नका. मळमळ थांबवणारे औषध आणि त्वचेखालून सलाईन देता येईल का, हे डॉक्टरांना आजच विचारा. दुखते आहे असे वाटून घरातली आयबुप्रोफेनची गोळी मात्र कधीही देऊ नका, कारण तिने उरलेसुरले मूत्रपिंडही जाते. ‘आधी कसे कळले नाही’ ही खंत मी रोज ऐकतो. नेहमीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात तो रक्तातला टाकाऊ घटक) वाढलेले दिसते तोवर मूत्रपिंडांची सुमारे तीन चतुर्थांश शक्ती संपलेली असते. यात तुमचा दोष नाही.

सासूबाईंच्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण आपोआप येणारे मरण शांतच असते, हा समज खरा नाही. या आजारात शेवटी झटके येऊ शकतात, आणि कुत्रा केकाटत नाही म्हणजे त्याला त्रास नाही, असेही नव्हे. अमेरिकेतील पशुवैद्यक अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी एक मोजपट्टी दिली आहे : वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, या सात बाबींना प्रत्येकी ० ते १० गुण द्यायचे (१० म्हणजे स्थिती उत्तम, वेदनेच्या बाबतीतही) आणि बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणे सुसह्य मानायचे. गुण सासूबाईंनाही वेगळे द्यायला सांगा. माझ्याकडे येणाऱ्या एका कुत्रीला दुधाची पिशवी फाडल्याचा आवाज आला की ती कुठूनही धावत येई. एका सकाळी त्या आवाजाला तिचा फक्त डावा कान हलला, मान उचलली गेली नाही, आणि तिच्या मालकांनी मला फोन केला. तुमच्या कुत्र्याची अशी खूण तुम्हालाच ठाऊक असेल. माझे स्पष्ट मत असे की हा निर्णय झटक्यांच्या रात्री घाईने घेण्याऐवजी आताच, शांतपणे घ्यावा.

आधी गुंगीचे औषध देतात, मग शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. काही सेकंदांत शुद्ध हरपते, काही मिनिटांत हृदय थांबते. त्यानंतरही डोळे उघडे राहतात, लघवी सुटते, एखादा खोल उसासा येतो. ती शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया असते, जीव परत आलेला नसतो. हे आधी न सांगितल्यामुळे हादरलेली माणसे मी पाहिली आहेत. औषध मृतदेहात राहते, म्हणून दहन करावे किंवा खड्डा खोल घ्यावा. उथळ पुरलेले उकरून खाणाऱ्या जनावरांना विषबाधा होते.

गावठी कुत्रीविषयी : इटलीत ४२६ कुत्रापालकांची पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, सोबतचा कुत्रा गेल्यावर उरलेल्या कुत्र्याच्या वागण्यात वाईट बदल दिसल्याचे ८६ टक्के पालकांनी सांगितले. ती कमी खेळेल, कमी खाईल, तुम्हाला चिकटून राहील. पुरण्यापूर्वी तिला त्याच्याजवळ जाऊन हुंगू द्या, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्याच वेळी पट्टा लावून तिला फिरायला न्या.