ब्रिटिश संसदेत इंटर्नशिप: आधी व्हिसाची अट वाच, मग बिग बेन बघ

तू विचारलंयस, सप्टेंबरात एक वर्षाच्या एम.ए.साठी लंडनला येतेयस, तर वेस्टमिन्स्टरला एखाद्या खासदाराकडे इंटर्नशिप मिळेल का, आणि त्यातून खर्च निघेल का. मिळेल. खर्च निघणार नाही. मी पाच महिने केली, आठवड्याला दोन दिवस, एका मागच्या बाकावरच्या, म्हणजे मंत्रिपद नसलेल्या, खासदारबाईंकडे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी व्हिसा, कारण लोक इथंच फसतात. पदवी आणि त्यापुढच्या अभ्यासक्रमाला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार. या आठवड्यात २५ आणि पुढच्यात १५ असा हिशेब चालत नाही. ‘बिनपगारी असेल तर मोजत नाहीत’ असं तुला नक्की कुणीतरी सांगेल. मोजतात. निव्वळ स्वयंसेवा वेगळी, पण ठरलेल्या वेळी ठरलेलं काम करायचं असेल तर ती स्वयंसेवा राहत नाही. दुसरी मेख उन्हाळ्याची. बी.ए.च्या मुलांना तेव्हा खरीखुरी सुट्टी असते, आपल्याला प्रबंध लिहायचा असतो, आणि तो काळ बहुतेक विद्यापीठं सत्रातच धरतात. मला एका ऑफिसनं जुलैमध्ये पूर्णवेळ ये म्हणून विचारलं होतं, तेही फक्त प्रवासखर्चावर. मी आनंदानं हो म्हणून बसले होते. विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागारानं वेळीच थांबवलं म्हणून बरं. तुझ्या अभ्यासक्रमात प्लेसमेंट, म्हणजे बाहेर प्रत्यक्ष काम करणं, हा गुण मिळणारा, सक्तीचा भाग असेल तर मात्र ते तास या २०मध्ये धरत नाहीत. पण मग किमान वेतनाचा हक्कही राहत नाही. प्रवेश घेण्याआधीच विभागाला हे विचारून घे.

जागा शोधायला ‘वर्क फॉर ॲन एमपी’ नावाची वेबसाइट आहे, बहुतेक जाहिराती तिथं येतात. मी सुरुवातीला दिसेल त्या खासदाराला ईमेल धाडले. उत्तरं एकाच साच्यातली आली: तुमचा पत्ता आमच्या मतदारसंघातला नाही. खासदारानं आपल्याच मतदारसंघातल्या लोकांचं बघायचं, हा संकेत इथं फार कडक पाळतात. मग डोक्यात प्रकाश पडला की खोली घेतली त्या दिवसापासून मीही कुणाच्यातरी मतदारसंघात राहतेच आहे! शिवाय राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिक म्हणून आपल्याला विद्यार्थी व्हिसावरही इथं मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, अगदी सार्वत्रिक निवडणुकीसाठीसुद्धा. मुंबईच्या दादाभाई नौरोजींना १८९२मध्ये याच लंडनच्या फिन्सबरीनं निवडून दिलं होतं, तेही बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी. तेव्हा आल्याआल्या नाव नोंदव आणि पहिला अर्ज स्वतःच्या खासदाराला कर.

निवड झाली की सुरक्षा तपासणी. आधीच्या पत्त्यांपासून सगळं विचारतात. भारतातली कागदपत्रं निघतानाच स्कॅन करून घे. माझा संसदेत वावरायचा पास यायला सात आठवडे लागले. तोवर मी पाहुणी, म्हणजे कुठंही जायचं तर सोबत पासवालं माणूस हवं. चहा आणायलासुद्धा.

बसायला जागा मिळाली पोर्टकलिस हाउसमध्ये, २००१ साली उघडलेली नवी इमारत, बिग बेनच्या समोर रस्त्यापलीकडे. काचेच्या छताखाली मोठाली झाडं, त्यांच्याखाली कॉफी पीत बसलेले खासदार आणि पत्रकार. पहिले दोन दिवस मी माना वळवून चेहरे ओळखत बसले. तिसऱ्या दिवशी समोर केसवर्कचा, म्हणजे मतदारांच्या तक्रारींचा, ढीग आला.

खरं काम तेच. घराला ओल आलीय आणि कौन्सिल, म्हणजे इथली पालिका, माणूस पाठवत नाही, सरकारी भत्ता अडकलाय, बायकोचा व्हिसा गृहखात्यात पडून आहे. मिरजेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी नगरसेवकाचं संपर्क कार्यालय होतं. रेशनकार्ड आणि नळाच्या तक्रारी घेऊन बसलेली माणसं बघतच मी मोठी झाले. इथंही तीच रांग, फक्त ईमेलमध्ये, आणि दाराबाहेर चपला नाहीत.

ओलीच्या एका तक्रारीवर मी कौन्सिलला पत्राचा मसुदा केला. शेवटची ओळ मोठ्या झोकात: ‘काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट.’ ऑफिस सांभाळणाऱ्या बाईंनी ती खोडली नाही, नुसतं विचारलं, ‘नीडफुल म्हणजे नेमकं काय?’ मला उत्तर सुचेना. अर्ध्या तासानं मी लिहिलं: झोपायच्या खोलीच्या भिंतीची तपासणी कोणत्या तारखेला करणार, ते १४ दिवसांत कळवा. ते पत्र गेलं. माझ्या एम.ए.च्या कुठल्याही निबंधापेक्षा त्या ओळीनं मला जास्त घाम फोडला.

सभागृहाचं कौतुक लवकर ओसरतं. ६५० खासदार, बसायला ४२७ जागा, त्यामुळे बुधवारी दुपारी बाराला पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांना बरेच जण दाटीवाटीनं उभे. मला त्याहून मजा वाटायची मतदानाच्या घंटेची. ती वाजल्यावर आठ मिनिटांत लॉबीत, म्हणजे सभागृहालगतच्या मतदानाच्या दालनात, पोचायचं, नंतर दारं बंद. ‘हो’वाले एका लॉबीतून, ‘नाही’वाले दुसरीतून, चक्क चालत जातात. आमच्या बाई अर्धं सँडविच माझ्या कीबोर्डवर ठेवून पळाल्या होत्या एकदा.

पैशांचं सांगते. खासदारांच्या कर्मचाऱ्यांचे पगार ‘इप्सा’ ही स्वतंत्र संस्था ठरलेल्या श्रेणींनुसार देते, म्हणून पगारी जागा मिळाली तर व्यवहार चोख असतो. पण दोन दिवसांच्या पगारात लंडनचं भाडं सुटत नाही. पूर्ण वर्षाची सोय करूनच विमानात बस.

अर्जाचा मसुदा झाला की मला पाठव, बघून देते. पाठवण्याआधी ‘रिस्पेक्टेड सर’ तेवढं काढून टाक.